तीन नंबरचं माळरान

१

शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या रसवाल्याला लागून मैत्रेयीचं सायबर कॅफे होतं. चार काँप्युटर, चार प्लायवूडचे आडोसे, एक पंखा आणि ‘येथे गप्पा मारू नयेत’ अशी पाटी, जिच्या खाली उभं राहूनच लोक गप्पा मारत.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात अंबरनाथमध्ये अशी हुल उठली, की चोरीची विंडोज वापरणाऱ्यांवर धाडी पडताहेत. कल्याणला म्हणे एकाचे सगळे काँप्युटर टेम्पोत घालून नेले. मैत्रेयीचा नवरा महेंद्र बदलापूरला औषधांच्या कंपनीत केमिस्ट होता. स्वभावाने इतका भित्रा, की दुसऱ्याच्या गाडीला पोलिसाने हात दाखवला तरी हा खिशातलं लायसन चाचपायचा. त्याने एका रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन चारही काँप्युटरच्या हार्ड डिस्क उपटल्या आणि घरी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरल्या.

“आता येऊ देत कोण येतंय ते,” तो म्हणाला.

पण धाडवाले आले नाहीत आणि गिऱ्हाइकंही येईनात, कारण काळ्या पडद्याकडे बघायला कोण येणार? शेवटी मैत्रेयीने उल्हासनगरच्या चंदरला फोन लावला. चंदरचं कॅम्प तीनला दुकान होतं आणि हे चारही काँप्युटर त्यानेच जोडून दिले होते. तो आपल्या करड्या स्कूटरवरून आला, उसाचा रस प्यायला आणि त्याने खिशातून एक सीडी काढली.

“टेन्शन कायको भाभी? ही टाका. सगळं सीडीवरून चालतं. हार्ड डिस्क नको, काय नको. फुकटची आहे, कायद्यात आहे.”

“आणि बंद केल्यावर?”

“बंद केला की कोरा! कोण आला, काय बघून गेला, मशीनला कायपण म्हाईत नाय. गिऱ्हाईक पण खूश.”

गिऱ्हाईक खूश झालं हे मात्र खरं. विशेषतः कॉलेजची पोरं. आपण काय बघून गेलो ते यंत्राला आठवणार नाही, हे कळल्यावर त्यांच्यात ज्ञानाची ओढ एकाएकी वाढली.

चंदरने चार मशीनसाठी चार सीड्या दिल्या. सकाळी दुकान उघडलं की मैत्रेयी त्या एकेका खणात सरकवायची. खण घर्र करून फिरायचा, पांढरी अक्षरं भराभर वर पळायची आणि मग पडद्यावर एक चित्र यायचं. हिरवं माळरान, वर निळं आभाळ, मधून गेलेली एक पायवाट. माणूस नाही, जनावर नाही. चारही पडद्यांवर तेच.

२

दुकानाला खरा त्रास एकाच माणसाचा होता, आणि तो घरचाच होता. मैत्रेयीचे सासरे शिवराम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा.

अण्णा मोरिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर फाटकावर बसून कोण किती वाजता आलं ते टिपायचं काम. नोकरी संपली, फाटक सुटलं, पण टिपणं काही सुटलं नाही. घरी डॉक्टर तपासायला आला तर हे त्याला सांगणार, “तुझा बाप सेकंड शिफ्टला कायम लेट.” मैत्रेयीला बघायला गेले तेव्हा तिच्या काकाने चहा बशीत ओतून प्यायला, हे त्यांनी तिच्या लग्नानंतर इतक्यांदा सांगितलं, की काकाने इकडे यायचंच सोडलं. महेंद्रची बहीण शीला एका बोलण्यावरून रुसून गेली ती गेलीच. आणि रोज रात्री जेवताना हिरवी सायकल.

“पितळेची बेल होती. फाटकाला टेकवून ठेवलेली. कोणी नेली ते मला माहीत आहे. नाव नाही घेणार मी कोणाचं.” मग दोन घास खाऊन, “अनंताने नेली.”

या अण्णांना दुपारी घरी करमत नसे, म्हणून ते दुकानात येऊन तीन नंबरवर बसत. पंख्याचा झोत तिथेच लागायचा. महेंद्रने त्यांना काँप्युटरवर एकट्याने पत्ते लावायचा खेळ शिकवला होता. डाव रंगात यायचा आणि नेमकं लोडशेडिंग व्हायचं. वीज आल्यावर सीडी पुन्हा घर्र करून उठायची आणि डाव साफ गेलेला असायचा.

“चार हजार कामगारांच्या हजेऱ्या माझ्या डोक्यात आहेत,” अण्णा पडद्यावर बोट आपटत म्हणायचे, “आणि या डबड्याला दुपारचे पत्ते ठेवता येत नाहीत! जरा शिक काहीतरी.”

मैत्रेयी गल्ल्यापाशी बसून हसायची. ती स्वतः कधी त्या खुर्चीवर बसत नसे. तिला गल्ला सोडून हलायची सोयच नव्हती.

३

एका दुपारी वीज आली, तीन नंबर उठला आणि अण्णांचा डाव जसाच्या तसा समोर आला.

“आलं वळणावर,” अण्णा म्हणाले आणि लाल गुलामावर काळी दश्शी ठेवून खेळू लागले.

मैत्रेयी मात्र जागची उठली. बंद केला की कोरा, असं चंदर म्हणाला होता. सीडीवर काही लिहिलं जात नाही, हे ती काँप्युटरच्या क्लासमध्ये स्वतः शिकली होती. अण्णा घरी गेल्यावर तिने तीन नंबरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत धूळ होती, एक मेलेलं झुरळ होतं आणि हार्ड डिस्कच्या जागी नुसती करडी पट्टी लोंबत होती. डाव धरून ठेवायला आत काहीच नव्हतं.

मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. माळरानावर, पायवाटेच्या अगदी दूरच्या टोकाला, हिरव्यात हिरवं असं काहीतरी उभं होतं. तिने डोळे बारीक केले. सायकल होती.

आधीपासूनच असेल, तिने स्वतःला समजावलं. इतक्या लांबचं कोण बघतं? ती एक, दोन आणि चार नंबरचे पडदे बघून आली. तिथे सायकल नव्हती. मग काय, एखादी सीडी वेगळी छापली असेल.

त्या रात्री अण्णा मुकाट्याने जेवले. महेंद्रला चुकल्याचुकल्यासारखं झालं. न राहवून तो म्हणाला, “अण्णा, आज स्टेशनवर अनंता भेटला होता.”

“हो का? बरा आहे ना तो?”

“अण्णा, सायकल...”

“कसली सायकल?” अण्णांनी भाकरी मोडली. “घ्यायची म्हणतोस? घे की.”

महेंद्रने मैत्रेयीकडे बघितलं. मैत्रेयीने महेंद्रकडे बघितलं. दोघांनाही हसू आवरेना.

४

पुढचे काही आठवडे त्या घरात कधी नव्हती एवढी शांतता नांदली.

अण्णा एकेक गोष्ट टाकत चालले होते आणि हलके होत होते. डॉक्टरला त्यांनी “या साहेब” म्हटलं. शीला बिचकत बिचकत घरी आली तर “ये बाळ, किती दिवसांनी!” म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शीला ओक्साबोक्शी रडली आणि बोलणी बसली तर परत न्यायची ठरवलेली करंज्यांची पिशवी ठेवून गेली. मैत्रेयीचे काका आले, बिनधास्त बशीत ओतून चहा प्यायले, आणि अण्णा म्हणाले, “थांबा, मीही तसाच पितो.”

“म्हातारपणी माणूस सुधारतो,” महेंद्र म्हणाला.

मैत्रेयी रोज सकाळी तीन नंबर चालू करताना आधी एक डोळा मिटून घ्यायची. माळरान भरत चाललं होतं. एक कारखान्याचं फाटक. एक विणलेली खाट. उलटी ठेवलेली एक बशी. सगळं लहान, लांब, पण काल होतं त्यापेक्षा जरा जवळ. तिने हे महेंद्रला दाखवलं. त्याने चष्मा पुसून पाहिलं आणि सांगितलं, की आजकाल कंपन्या असंच काहीतरी हलतं चित्र देतात.

“बशी?” मैत्रेयी म्हणाली.

“परदेशी कंपनी असेल.”

आणखी एक गोष्ट होती. तीन नंबरवर बसणाऱ्याला हटकून पासवर्ड आठवत नसे. पण पासवर्ड कोणाला आठवतो? मग एकदा नूतन नावाची मुलगी बारावीचा निकाल बघायला आली. बैठक क्रमांक आठवेना म्हणून ती खुर्चीत बराच वेळ डोकं धरून बसली. मैत्रेयीने पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

“आठव सावकाश. घाई नाही.”

“ताई,” नूतन अगदी शांतपणे म्हणाली, “मी कसला निकाल बघायला आले होते?”

मैत्रेयी मोठ्याने हसली. हसताना आपल्याच हसण्याचा आवाज तिला आवडला नाही.

५

मग तो गुरुवार आला.

घरातल्या भिंतीवर, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, सुंदराबाईंचा फोटो होता. अण्णांची बायको, मैत्रेयीची सासू. जाऊन चार वर्षं झाली होती. अण्णा रोज सकाळी आंघोळ करून त्या फोटोवरची धूळ आपल्या पंच्याने पुसत आणि बायकोला काल रात्री कोण उशिरा आलं ते सांगत. त्या दिवशीही त्यांनी फोटो पुसला. पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

“मैत्रेयी, या बाई कोण गं?”

पोळी तव्यावर होती. ती तशीच राहिली.

“चेहरा चांगला आहे,” अण्णा म्हणाले. “आपल्यातल्याच असतील.”

मैत्रेयी तिथेच स्वयंपाकघरात उभी राहून रडली. या माणसाच्या आठवणींनी तिला सात वर्षं वैताग दिला होता. गप्प बसले तर बरं, असं तिने किती वेळा मनात म्हटलं असेल. आता ते गप्प होत होते, आणि तिला ते कडू तोंडाचे, सगळ्यांच्या लेटची नोंद ठेवणारे अण्णा परत हवे होते. अगदी काकाच्या बशीसकट हवे होते.

डॉक्टर म्हणाला, वय झालं. महेंद्रही म्हणाला, वय झालं. म्हणता म्हणता तो उगाच तांदळाचा डबा उघडून हार्ड डिस्क आहेत का ते बघू लागला.

मैत्रेयी दुकानात गेली. तीन नंबर चालू केला. खण घर्र करून फिरला. माळरानावर खाटेशेजारी एक बाई पाठमोरी बसली होती. नऊवारी, अंबाडा, आणि अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. कानामागे पदर अडकवायची ती लकब मैत्रेयीने शेकडो वेळा पाहिली होती.

६

चंदर आला. त्याने तीन नंबरची सीडी काढून एक नंबरची घातली. माळरान आलं, खाट आली, बाई आली. त्याने रॅम बदलली. बाई होतीच. त्याने शेवटी सीडीचा खणच बदलला, आणि तासभर त्या खुर्चीवर बसून पडद्याशी नाक लावून काय काय टाइप केलं.

“हार्ड डिस्क नाय, सीडी दुसरी, रॅम दुसरी. मग साला राहतं कुठे?” तो कपाळ पुसत म्हणाला.

“तेच विचारतेय मी.”

“व्हायरस असेल.”

“व्हायरस राहायला तरी जागा लागेल ना, भाऊ?”

चंदरने यावर विचार केला. मग तो उठला, रस प्यायला आणि रिक्षा करून निघून गेला. त्याची स्कूटर दुकानासमोर तशीच उभी. मैत्रेयीने त्याला फोन केला.

“भाऊ, स्कूटर विसरलात.”

“कौनसा स्कूटर?” चंदर म्हणाला. जरा थांबून त्याने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, “भाभी, मेरे पास स्कूटर था?”

मैत्रेयीने फोन ठेवला. माळरानाकडे बघायची तिला गरज नव्हती, तरी तिने बघितलं. पायवाटेच्या कडेला करडी स्कूटर स्टँडवर लावलेली होती.

त्या दिवसापासून तिने तीन नंबरवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला. अण्णांना एकटं घरी ठेवण्याची सोय उरली नव्हती, कारण ते उठून वाट फुटेल तिकडे निघत. म्हणून ती त्यांना दुकानाबाहेर रसवाल्याच्या सावलीत स्टुलावर बसवायची. तिथून ते येणाऱ्याजाणाऱ्याला हसून नमस्कार करत. यातलं कोण ओळखीचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

महेंद्रने अखेर हिंमत केली. “उद्या तो डबा भंगारात देऊ,” तो म्हणाला. “पडू दे धाड पडली तर. आपण हार्ड डिस्क परत टाकू.”

“आणि त्यातले अण्णा?”

“त्यात काही नाहीये मैत्रेयी,” महेंद्र म्हणाला. “तूच उघडून बघितलंस ना?”

७

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. अण्णा बाहेर स्टुलावर बसले होते. मैत्रेयी पेन ड्राइव्ह घेऊन तीन नंबरपाशी गेली. डबा जाईल तर जाऊ दे, पण ते चित्र तेवढं काढून घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. घरी अण्णांना दाखवता येईल. ही तुमची सायकल, ही तुमची खाट, या आमच्या सासूबाई. एकेक करून त्यांच्या डोक्यात परत भरू.

उभ्याउभ्या जमेना. तिने कागद काढला आणि खुर्ची ओढली.

पेन ड्राइव्हमध्ये चित्र जाईना. यंत्राचं म्हणणं होतं, की असं कुठलंही चित्र इथे नाही. मग तिने ठरवलं, सगळं नीट पाठ करून घ्यायचं. ती पुढे वाकली आणि बोटाने दाखवत मोठ्याने म्हणू लागली.

“ही हिरवी सायकल. अनंताने नेलेली. हे मोरिवलीचं फाटक. अण्णा इथे बसायचे. ही बशी, माझ्या काकाची. काकाने चहा...”

काकाने चहाचं काय केलं होतं? सांडला असेल. काका लोक सांडतातच.

“ही सायकल,” तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “कोणीतरी नेलेली. हे फाटक. इथे कोणीतरी बसायचं.” बरं वाटत होतं. पंख्याचा झोत थेट मानेवर येत होता. “ही खाट. या बाई. या आमच्या...”

शब्द अगदी जिभेवर होता. ती बाईच्या अंबाड्याकडे बघत राहिली. खण आत हळूहळू फिरत होता, मधेच कोणी खाकरावं तसा अडकत होता.

तेव्हा पडद्यावरच्या त्या पाठमोऱ्या बाईने पदर कानामागे अडकवला, आणि मागे न बघता, घरच्या माणसासाठी सरकावं तशी ती खाटेवर जराशी बाजूला सरकली.

एक जागा रिकामी झाली.

मैत्रेयीने बटणाकडे हात नेला. हात पोचायच्या आत लोडशेडिंग झालं.

८

वीज आली तेव्हा तिला छान झोप झाल्यासारखं वाटलं. डोकं हलकं, अंग हलकं. समोरचा काँप्युटर आपला आपण उठला होता. पडद्यावर सुंदर माळरान होतं. बरंच सामान मांडलेलं होतं आणि खाटेवर दोन बायका होत्या. एक नऊवारीतली, पाठमोरी. दुसरी जांभळ्या ड्रेसमधली, उभी राहिलेली. ती या बाजूला तोंड करून दोन्ही हात वर करत होती.

नमस्कार करत असेल, मैत्रेयीला वाटलं. ड्रेस छान होता. आपणही आज अगदी त्याच रंगाचा घातलाय, हे लक्षात येऊन तिला गंमत वाटली.

गल्ल्यावरचा फोन वाजला.

“मैत्रेयी, मी बोलतोय. भंगारवाला आला का? अण्णा बरे आहेत ना?” एक पुरुष विचारत होता. आवाज घाबरट पण चांगल्या घरचा होता.

“राँग नंबर,” ती अदबीने म्हणाली. “हे सायबर कॅफे आहे.”

“अगं, थट्टा काय करतेस? मी महेंद्र...”

तिने फोन ठेवला. लोकांना कामधंदे नसतात. फोन पुन्हा वाजू लागला, तसा तिने तो काढून बाजूला ठेवला आणि दाराशी आली.

ऊन कलून सावली सरकली होती. बाहेर स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऊन थेट त्यांच्या डोक्यावर आलं होतं, पण ते हलले नव्हते. स्वच्छ सदरा, मनगटावर जुनं घड्याळ. ते सारखं घड्याळाकडे बघत होते आणि मग दुकानाच्या दाराकडे. तिला त्यांची दया आली.

“आजोबा, कोणाची वाट बघताय?”

“सुनेची,” म्हातारा म्हणाला. “मैत्रेयी नाव तिचं. आत गेलीय. फार वेळ झाला, अजून बाहेर नाही आली.”

मैत्रेयी वळली. तिने चारही आडोशांमागे नीट वाकून पाहिलं आणि परत दाराशी आली.

“आत तर कोणी नाही हो आजोबा,” ती म्हणाली, आणि हाताला धरून त्यांना उठवलं. “पण उन्हात नका बसू. या, पंख्याखाली बसा. तीन नंबर रिकामा आहे.”